थोरली शाबूत, धाकटी थकली

गाडीची दुरुस्ती हा आपल्याकडे अजूनही पुरुषांचा प्रांत समजला जातो. गाडी बाईच्या नावावर असो, तीच रोज चालवत असो, गॅरेजवाला बोलणार मात्र शेजारी उभ्या असलेल्या पुरुषाशी. तो पुरुष मेहुणा असेल, शेजारी असेल, नाहीतर नुकतीच मिसरूड फुटलेला मुलगा! आपण आपलं पर्स सांभाळत उभं राहायचं आणि शेवटी आकडा ऐकून पैसे द्यायचे. मिक्सर बिघडला तर आपण निदान फ्यूज बघतो, कार्बन ब्रश झिजले का ते विचारतो. गाडीच्या बाबतीत मात्र "ते आपल्याला काय कळणार" म्हणून मोकळं व्हायची सवयच लागलेली असते.

त्यात आता हायब्रिड गाड्या आल्या. १९९७ साली जपानमध्ये टोयोटाने प्रियस आणली, तेव्हा आपल्याकडे कुणी हे नावही ऐकलं नव्हतं. पण २०२२ या एकाच वर्षात होंडा सिटीची हायब्रिड, मारुतीची ग्रँड विटारा, टोयोटाची हायरायडर आणि वर्षअखेरीस इनोव्हा हायक्रॉस असा एकामागून एक गाड्यांचा राबताच लागला. पेट्रोल कमी लागतं म्हणून तालुक्याच्या गावांतही त्या दिसायला लागल्या. आमच्याकडेही तेव्हाच एक आली. वाईहून साताऱ्याला सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचं असतं. जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर. त्या हिशेबाने आम्ही ती घेतली. चालवते मीच, कारण ह्यांची नोकरी बाहेरगावी.

ही गाडी घेतल्यापासून सगळ्यांनी एकच भीती घातली होती, "बॅटरी गेली की मेलात!" मैत्रिणींनो, आज सांगायचंय ते त्याच भीतीबद्दल. कारण एके दिवशी आमच्या गाडीची बॅटरी खरंच गेली. पण कुठली गेली, हे कळायला तीन दिवस लागले.

घरात दोन बॅटऱ्या

हायब्रिड गाडीत बॅटऱ्या दोन असतात, हेच मुळात पुष्कळांना माहीत नसतं. एक थोरली. ती साधारण दोनशे व्होल्टची, काही गाड्यांत त्याहूनही जास्त. चाकं फिरवणाऱ्या मोटरला वीज देणारी ती हीच. दुसरी धाकटी, साधी बारा व्होल्टची, आपल्या नेहमीच्या गाडीत असते तशी. दिवे, कुलपं, हॉर्न, ब्रेकचा कॉम्प्युटर, डॅशबोर्ड, हे सगळं तिच्याकडे.

आता तुम्ही म्हणाल, एवढी मोठी थोरली घरात असताना धाकटीचं काय अडणार? तर अडतं! स्वयंपाकघरात सिलिंडर काठोकाठ भरलेला आहे, पण लायटर चालत नाही आणि काडेपेटी दमट झालीय, मग चहा होईल का? तसंच हे. थोरलीची वीज गाडी बंद असताना सुरक्षेसाठी कुलूपबंद ठेवलेली असते. आपण बटण दाबलं की धाकटी आधी कॉम्प्युटर जागे करते, मग एक मोठा स्विच ओढून थोरलीचं दार उघडते. त्यानंतरच डॅशबोर्डवर 'रेडी' असं येतं. धाकटीत तेवढाही जीव नसेल, तर थोरली भरलेली असूनही गाडी ढिम्म हलत नाही.

आणखी एक गोष्ट. साध्या गाडीत बॅटरी उतरायला लागली की सेल्फ मारताना घुर्र... घुर्र... असा जड आवाज येतो. आपल्याला आधी सूचना मिळते. आमच्यासारख्या पूर्ण हायब्रिड गाडीत तो सेल्फच नसतो. इंजिन फिरवायचं काम थोरलीवर चालणारी मोटर करते. त्यामुळे धाकटी महिनोन्‌महिने खंगत असली तरी कानाला काही कळत नाही. (ज्यांना 'माइल्ड' हायब्रिड म्हणतात त्या गाड्या वेगळ्या. तिथे हा थोरली-धाकटीचा संसार नसतो.)

लक्षणं बोलत होती

आजारपणात जसं आधी बारीकसारीक दिसतं, तसं गाडीचंही होतं. आमच्या गाडीचं घड्याळ दोनदा आपोआप बारावर गेलं. रिमोटने दार कधी उघडायचं, कधी नाही. रिमोटचा सेल बदलला, तरी तेच. एकदा सकाळी बटण दाबल्यावर डॅशबोर्डवर चार-पाच दिवे एकदम लागले. ब्रेकचा, स्टिअरिंगचा, हायब्रिडचा, जणू दिवाळीची माळच. बंद करून पुन्हा चालू केली तर सगळे गायब!

आणि मग एका गुरुवारी पहाटे, आईंना डायलिसिसला न्यायच्या वेळी, दार उघडेचना. रिमोटच्या पोटात एक छोटी लोखंडी किल्ली असते, तिने उघडलं. बटण दाबलं तर आतून टक्‌ टक्‌ टक्‌ असा आवाज, दिवे मिणमिणले आणि सगळं काळं. डायलिसिसची पाळी चुकवणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी आहे त्यांनाच ठाऊक. अंगात पाणी साठतं, धाप लागते, पुढची पाळी मिळेपर्यंत जीव टांगणीला. शेजारच्या भावजींनी लगेच त्यांची गाडी काढली म्हणून वेळेवर पोचलो. आई वाटेत गप्प होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "माझ्यापायी तुम्हाला केवढा खर्च गं."

दुपारी ओळखीच्या एका गॅरेजमधून माणूस आला. त्याने बॉनेट उघडलं, इकडेतिकडे बघितलं, नारिंगी जाड वायरींकडे बोट दाखवलं आणि माझ्याकडे न बघता भावजींना म्हणाला, "साहेब, मोठी बॅटरी गेली. दीड-दोन लाख धरून चाला. गाडी टो करून शहरात न्यावी लागेल." मी विचारलं, "मीटर लावून बघितलं का?" तर म्हणे, "वहिनी, हायब्रिडला मीटर लावत नसतात."

दोन लाख! त्यात आमचे डायलिसिसचे किती महिने निघतात, याचा हिशेब मनात लगेच झाला. रात्री आई झोपल्यावर गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक काढून बसले. बारा व्होल्टची बॅटरी कुठे आहे, ते त्यात चित्रासकट दिलं होतं. आमच्या गाडीत ती बॉनेटखाली नव्हतीच! डिकीत, एका कोपऱ्यात, झाकणाखाली होती. म्हणजे त्या गॅरेजवाल्याने धाकटीचं तोंडही बघितलं नव्हतं.

किती व्होल्ट?

दुसऱ्या दिवशी आमच्या पेठेतल्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांना बोलावलं. ट्रॅक्टर आणि टेम्पोच्या वायरिंगमध्ये त्यांची हयात गेलीय. "ताई, हायब्रिड कधी हाताळली नाही," असं त्यांनी आधीच सांगितलं. मी म्हटलं, "काका, नारिंगी वायरीला आपण हात लावायचाच नाही. बारा व्होल्टचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं." त्यावर ते हसले आणि मीटर काढला.

हा मल्टीमीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो. डीसी व्होल्टच्या २० च्या खुणेवर काटा ठेवायचा, लाल टोक बॅटरीच्या अधिक खुणेला, काळं उणे खुणेला. बस्स. थर्मामीटर लावण्याइतकंच सोपं. आकडे लिहून ठेवा:

गाडी काही तास बंद असताना १२.६ किंवा वर, म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली गेली तर उतरलेली. आणि गाडी 'रेडी' झाल्यावर साधारण १३.५ ते १४.५ दिसायला हवेत. कारण तेव्हा थोरलीची वीज एका यंत्रातून कमी करून धाकटीला चार्जिंग मिळत असतं. (साध्या गाडीत हे काम डायनामो करतो.)

आमच्या धाकटीत भरले १०.९. म्हणजे तापच!

मग काकांनी त्यांच्या टेम्पोच्या बॅटरीवरून केबल लावून गाडी जागी केली. क्रम फार महत्त्वाचा. लाल केबल आधी आपल्या अधिकला, मग दुसऱ्या बॅटरीच्या अधिकला. काळी आधी दुसऱ्या बॅटरीच्या उणेला आणि शेवटचं टोक आपल्या गाडीच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. काही गाड्यांत यासाठी बॉनेटखाली लाल टोपीचा वेगळा खिळा दिलेला असतो, आमच्यात होता. अधिक-उणे उलट लागलं तर मात्र हजारो रुपयांची इलेक्ट्रॉनिक्स क्षणात जळतात, म्हणून दोघांनी बघून, मोठ्याने बोलून लावायचं. आणि आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याचा ट्रक-ट्रॅक्टर चालू करून द्यायच्या भानगडीत पडू नये. तिची धाकटी त्या कामाची नाही.

बटण दाबलं. डॅशबोर्ड उजळला आणि 'रेडी' आलं! काकांनी मीटर लावला, १४.१. तिथेच दोन लाखांचं भूत उतरलं. कसं ते बघा. थोरली गेली असती तर गाडी रेडी झालीच नसती, निदान धोक्याचा दिवा तरी जळत राहिला असता. आणि १४.१ म्हणजे थोरलीकडून धाकटीला चार्जिंगही नीट जातंय. म्हणजे देणारी ठणठणीत, घेणारीच थकलेली.

चोर कोण?

बॅटरी उतरली म्हणून लगेच नवी घ्यायची का? नाही. आधी तिला एक संधी द्यायची. तासाभर गाडी रेडी ठेवली, एक चक्कर मारली, मग रात्रभर बंद. सकाळी १२.१. मग गाडी रेडी न करता नुसते पुढचे दिवे दहा मिनिटं लावले, तर आकडा १०.८ वर कोसळला. चांगली बॅटरी एवढ्याने इतकी खचत नाही. तांब्याने पाणी भरावं आणि घागरीला तळाशी भोक असावं, तसं झालं होतं.

तरी काका म्हणाले, "ताई, नवी टाकाल आणि तीही सहा महिन्यांत जाईल. आधी चोर शोधू." गाडी बंद असतानाही थोडी वीज खातच असते. रिमोटची वाट बघणारं कुलूप, घड्याळ, अलार्म यांना लागते तेवढी. ती साधारण २० ते ५० मिलिअँपिअर. काकांनी मीटर वायरीच्या मधे जोडला, गाडी लॉक केली, रिमोट घरात लांब ठेवायला लावला आणि पंचवीस मिनिटं थांबलो. कारण गाडीतले कॉम्प्युटर झोपायलाही वेळ घेतात, आपल्या घरातल्या मुलांसारखे! त्यानंतर आकडा दिसला २१०.

मग एकेक फ्यूज काढून बघितला. कॅमेऱ्याचा काढल्याबरोबर आकडा ३० वर. ॲक्सेसरीच्या दुकानात बसवून घेतलेला समोरचा कॅमेरा त्यांनी थेट बॅटरीवर जोडला होता, दिवसरात्र चालू!

हिशेब मांडून बघा. २१० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला पाच अँपिअर-अवर. सोमवार ते गुरुवार तीन दिवस गाडी उभी, म्हणजे पंधरा गेले. बॅटरी नवी असताना पंचेचाळीसची. म्हणजे दर खेपेला एक तृतीयांश उपसायची आणि साताऱ्याच्या दोन तासांत जेमतेम भरायची. शिसं-आम्लाच्या बॅटरीला असं अर्धपोटी राहणं सोसत नाही. आतल्या पट्ट्यांवर शिशाचं सल्फेट साठून घट्ट होतं, आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो. उन्हाळ्याची धग असली की म्हातारपण आणखी लवकर येतं.

कॅमेऱ्याची वायर काकांनी बदलून दिली. आता गाडी बंद झाली की कॅमेराही बंद.

नवी घेताना

शनिवारी नवी बॅटरी आणली. इथे काही गोष्टी मुद्दाम सांगते.

जुन्या बॅटरीवरचा क्रमांक आणि गाडीच्या पुस्तकातला क्रमांक बघूनच नवी घ्या. आकार, अँपिअर-अवर आणि अधिकची खूण उजवीकडे की डावीकडे, तिन्ही जुळलं पाहिजे. बाजू उलटी असली तर वायर पोचत नाही, आणि ओढून-ताणून लावणं धोक्याचं. बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असेल तर आणखी काळजी. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघू शकतो आणि तो पेट घेतो. म्हणून अशा जागी बहुधा बंद प्रकारची, एजीएम नावाची बॅटरी असते आणि वायू बाहेर सोडणारी बारीक नळी जोडलेली असते. ती नळी नव्या बॅटरीला पुन्हा जोडली का, हे स्वतः बघा. दुकानदार "कुठलीही चालते" म्हणाला, तरी ऐकू नका.

बदलताना आधी उणे सोडवायचं, मग अधिक. बसवताना उलट, आधी अधिक, शेवटी उणे. याचं कारण साधं आहे. उणे बाजू गाडीच्या सगळ्या पत्र्याला जोडलेली असते. ती सोडवली की अधिककडे पाना लावताना तो पत्र्याला टेकला तरी ठिणगी उडत नाही.

आणि बायकांनी खास लक्षात ठेवायचं, हातातल्या बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा, मंगळसूत्र पदरात किंवा ओढणीत खोचा. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरं, पण सोन्याची बांगडी अधिक आणि पत्रा यांच्या मधे आली तर क्षणात लालबुंद तापते आणि मनगट भाजतं. नवी वस्तू म्हणून हळद-कुंकू जरूर लावा, पण उदबत्ती आणि निरांजन लांबच!

बॅटरी डिकीत असेल तर ती सोडवलेली असताना डिकी लावू नका. अनेक गाड्यांत डिकीचं कुलूप विजेवर चालतं. लागलं तर मागच्या सीट पाडून आत सरपटत जावं लागतं. नवी बसल्यावर घड्याळ, रेडिओ आणि काचा आपोआप वर जायची सोय पुन्हा लावावी लागते. बिघाड झाला असं समजून घाबरू नका.

सगळा खर्च मजुरीसकट सात हजार दोनशे. जुनी परत दिली त्याचे सातशे वजा. जुनी बॅटरी भंगारवाल्याला किंवा कचऱ्यात देऊ नका. त्यातलं शिसं विषारी असतं आणि लहान मुलांच्या मेंदूला ते फार घातक. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून विकणाऱ्या दुकानातच परत करा. पैसेही मिळतात.

हात कुठे लावायचा, कुठे नाही

एवढं वाचून कुणी थोरलीला हात लावायला जाऊ नका. नारिंगी रंगाची वायर दिसली की तिथे आपलंही काम नाही आणि पेठेतल्या काकांचंही नाही. तिथला झटका जिवावर बेतू शकतो. ते काम प्रशिक्षण घेतलेल्यांचंच. गाडी वॉरंटीत असेल तर धाकटीसाठीही आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा. थोरलीची वॉरंटी तर पुष्कळ लांब असते. टोयोटाने आपल्याकडच्या हायब्रिड बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर दिलेली आहे. म्हणजे "मोठी गेली" असं कुणी सांगितलंच, तरी खिशात हात घालण्याआधी वॉरंटीचा कागद बघायचा.

गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल, बाळंतपणासाठी माहेरी जायचंय, गणपतीला कोकणात जायचंय, तर कुणाला तरी आठवड्यातून एकदा ती 'रेडी' करून अर्धा-पाऊण तास ठेवायला सांगा. नुसतं बटण दाबून रेडिओ लावला तर बॅटरी भरत नाही, उलट उतरते. आणि बंद खोलीत किंवा झाकलेल्या गॅरेजात तशी ठेवू नका, इंजिन मधेच सुरू होतं आणि त्याचा धूर विषारी असतो. रिमोट गाडीच्या अगदी जवळच्या खिडकीत टांगू नका. गाडी आणि रिमोट रात्रभर एकमेकांशी बोलत बसतात आणि बॅटरी खातात.

नव्या बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहा, लोणच्याच्या बरणीवर लिहितो तशी. तीन वर्षं झाली की दर दिवाळीला आणि दर उन्हाळ्याआधी एकदा मीटर लावा. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, रात्री-अपरात्री निघावं लागतं, त्यांनी तर हे चुकवूच नये.

आणि कुणी "बॅटरी गेली" म्हणालं, की घाबरून जायच्या आधी दोनच प्रश्न विचारा. कुठली? आणि किती व्होल्ट? या दोन प्रश्नांनंतर समोरच्याची मान साहेबांकडून आपोआप तुमच्याकडे वळते, असा माझा अनुभव आहे.